संहिता फक्कड, पट्टी चुकली

‘अलीबाबा आणि चाळीस चोर’ या संगीत बालनाट्याचा तयार संच घेतला होता. संहिता, सहा गाणी, त्यांचे ट्रॅक. सात ते बारा वयाची एकोणीस मुलं, दीड महिना तालीम. प्रयोग पार पडला, आता मोकळेपणाने लिहिते.

मूळ गोष्ट मुलांची नाहीच हो. अलीबाबाच्या भावाचे, कासिमचे चार तुकडे, ते शिवणारा मोची बाबा मुस्तफा, आणि दासी मर्जिनाने बुधल्यांत लपलेले असताना उकळत्या तेलाने मारलेले 37 चोर. संहितेने यातलं काही गाळलेलं नाही, हे मला फार आवडलं. तेल मात्र दिसत नाही. स्टेजवर सात बुधले, प्रत्येकात चोर झालेलं एक मूल आतून ताल धरतं. मर्जिना जवळ गेली की आतून कुजबुज, “वेळ झाली?” ती म्हणते, “अजून नाही.” हे मूळ गोष्टीतलंच. मग ती ओणवते आणि त्या बुधल्यातला ताल थांबतो. असे सातही थांबले. शेवटी नुसते तिच्या पैंजणांचे आवाज. मागच्या रांगेतली चिल्लीपिल्लीसुद्धा गप्प.

तक्रार गाण्यांच्या पट्टीची. सगळे ट्रॅक मोठ्या पुरुषाच्या पट्टीत. खालचे सूर मुलांना लागेनात, वरच्या सप्तकात गायची तर किंचाळी. संगणकावर पट्टी चढवली तर वाद्यं पत्र्यासारखी वाजू लागली. दोन पट्ट्यांत ट्रॅक द्यायला काय हरकत होती? मर्जिनाच्या खंजीर-नाचाला आम्ही ट्रॅक बंदच केला आणि एका मुलाच्या हाती डफ दिला. गोष्टीतही तिथे अलीबाबाचा नोकर अब्दुल्ला डफच वाजवतो. पाऊल चुकलं तर डफ थांबतो, ट्रॅक थांबत नाही.

प्रस्तावनेत ‘प्राचीन हस्तलिखितातली कथा’ असं छापलंय, तेवढं सुधारा. अलेप्पोच्या हन्ना दियाबने ती 1709 साली पॅरिसमध्ये ‘अरेबियन नाइट्स’चा फ्रेंच अनुवादक गालाँ याला तोंडी सांगितली. त्याआधीचं अरबी हस्तलिखित सापडलेलं नाही.

गुहेत अडकलेला कासिम “जवा जवा, दार उघड” म्हणू लागला, तेव्हा प्रेक्षकांतून एक पोरगी ओरडली, “अरे, तीळ!” आमचा नऊ वर्षांचा कासिम आनंदाने म्हणाला, “तिळा तिळा, दार उघड!” दाराच्या दोरीवरचा मुलगा इमानदार. त्याने दार उघडलं. चोरांनी कासिमला अक्षरशः ओढून आत नेला.