धाडस वाढवण्यासाठी लाइफ कोच की विपश्यना शिबिर? खान्देशातील वाचकांसाठी तुलना

जळगाव किंवा धुळ्यात ‘कोचिंग’ हा शब्द ऐकला की नीट आणि जेईईचे क्लास आठवतात. अलीकडे मात्र सजगतेवर आधारलेले लाइफ कोचिंग घेणारी माणसे आपल्याकडेही भेटू लागली आहेत. ‘निर्णयाच्या वेळी माझा पाय मागे येतो, मग मी कोच शोधावा की सरळ इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसावे?’ असा प्रश्न ज्याच्या मनात आहे, त्याच्यासाठी ही तुलना आहे.

दोन्ही मार्गांचे मूळ एकच आहे. क्षणोक्षणी शरीरात आणि मनात काय चालले आहे याचे भान ठेवणे, म्हणजे पालीमधील ‘सति’, हा बौद्ध साधनेचा गाभा होय. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ताणनिवारण कार्यक्रम सुरू केला आणि हीच साधना धार्मिक चौकटीबाहेर आणली. आजचे सजग कोचिंग पुष्कळ अंशी त्या वाटेने आले आहे. फरक आहे तो या भानाचा उपयोग कशासाठी करायचा, यात.

कोचिंगमध्ये काम एका नेमक्या भीतीवर होते. रावेर-सावद्याकडच्या एखाद्या केळी उत्पादकाचे उदाहरण घेऊ. व्यापारी बोर्डावर जाहीर झालेल्या भावापेक्षा कमी भावाने माल मागतो, हे या शेतकऱ्याला दिसते, खटकते, पण तोंडातून शब्द फुटत नाही. गप्प राहिल्याने त्या वेळेपुरती सुटका होते, आणि ती सुटकाच मनाला पुढच्या वेळीही गप्प राहायला शिकवते. चांगला कोच येथे भाषण देत नाही. व्यापाऱ्याची गाडी बांधावर आली की छातीत काय होते, श्वास कुठे अडकतो, त्याच क्षणी मनात कोणते वाक्य उमटते, हे तो शेतकऱ्याला स्वतःच्याच तोंडून सांगायला लावतो. मग पायऱ्या ठरतात. या कापणीला फक्त काट्याची पावती मागायची, पुढच्या कापणीला पैसे कोणत्या तारखेला मिळणार ते विचारायचे, आणि त्यानंतर भावाचा विषय काढायचा. प्रत्येक पायरीवर भीती असतेच, पण ती चढते आणि ओसरते हे शरीराला अनुभवाने कळते, आणि ज्याला आपण धाडस म्हणतो ते बहुतांशी याच अनुभवाच्या साठ्यातून तयार होते. म्हणून दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत प्रत्यक्ष काही करायची तयारी नसेल, तर कोचवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील विपश्यना शिबिरात अशी कोणतीही नेमकी अडचण हाताळली जात नाही. पहाटे चारला घंटा होते, दिवसाचे सुमारे दहा तास ध्यान असते आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी अजिबात न बोलणे, पाळावे लागते. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष द्यायचे आणि चौथ्या दिवसापासून शरीरभरच्या संवेदना समतेने पाहायच्या, असा क्रम आहे. व्यापारी, सासर किंवा साहेब यांच्याबद्दल तेथे कोणी विचारत नाही, पण अप्रिय संवेदना उठताच पळ काढण्याची मनाची जी सवय आहे, ती मुळातूनच दिसू लागते. शुल्क नसते; शिबिर पूर्ण केलेल्यांच्याच दानावर केंद्रे चालतात. इगतपुरी भुसावळ-मुंबई लोहमार्गावरच असल्याने जाणे सोयीचे आहे. मात्र येण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून बारा दिवस मोजावे लागतात आणि मोबाइल जमा करावा लागतो. कापूस वेचणीच्या हंगामात हे जमणे कठीण.

कोच निवडताना भाषेकडे फार थोडे लोक लक्ष देतात, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्याचे घर अहिराणीत बोलते, त्याची भीतीही अहिराणीतच बोलते. ‘लोके काय म्हनतीन’ या शब्दांत भाऊबंदकी, पार आणि लग्नाचा मांडव एवढे सगळे सामावलेले असते. त्याचे ‘सामाजिक दडपण’ असे भाषांतर करून ऑनलाइन सत्रात मांडले की त्यातला जीवच जातो. कोचला अहिराणी बोलता आली नाही तरी चालेल. आपल्या बोलीत सांगू देणारा आणि न समजलेला शब्द थांबून विचारणारा कोच हवा.

भारतात लाइफ कोच म्हणवून घेण्यासाठी कायद्याने नोंदणीची अट नाही, त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या जागतिक संस्थेची पहिली पातळी मिळवण्यासाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो. दुसऱ्या पातळीसाठी हेच आकडे १२५ आणि ५०० आहेत. कोचची पातळी, एकूण सत्रे आणि मध्येच थांबल्यास पैसे परत मिळतात का, हे आधी विचारावे.

झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, आठवडेच्या आठवडे उदासी हटत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर हे दोन्ही मार्ग बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञ किंवा नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास सुरू असतो. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना विपश्यना केंद्रेही शिबिरासाठी सुचवत नाहीत, म्हणून अर्जात काही लपवू नये.

वरच्या शेतकऱ्यासारखी ज्याची अडचण एका वाक्यात सांगता येते, त्याला मी आधी कोचिंग सुचवेन, तेही पाच-सहा सत्रांपुरते. ज्याला आपण कशाला घाबरतो हेच सांगता येत नाही, पण प्रत्येक ठिकाणी पाय मागे येतो, त्याने वेचणी उरकल्यावर शिबिराला जावे, आणि तेथून परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसण्याची जी शिफारस केली जाते, ती आपल्या घरात कशी जमेल याची सोय निघण्यापूर्वीच घरच्यांशी बोलून ठेवावी.