वेल्क्रो की लेस? बॉक्सिंगच्या हेडगार्डची मागची बाजू

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की हेडगार्डच्या आत घामाची धार लागते, आणि खरी परीक्षा मागच्या पट्टीची होते. वेल्क्रोचं सुख मोठं. फर्रकन ओढलं, पोरानं स्वतःच बसवलं. आमच्याकडे एकच हेडगार्ड बारा वर्षांच्या मुलापासून कॉलेजवाल्यापर्यंत फिरतं, तिथे हेच चालतं. पण काट्यांत केस आणि टॉवेलचे धागे अडकतात, पकड सुटते, मग एक हुक (बाजूनं येणारा ठोसा) बसला की हेडगार्ड फिरून थेट डोळ्यावर! जुन्या टूथब्रशनं काटे घासले की काही दिवस निभतं.

लेस डोक्याच्या आकाराप्रमाणे सारखी आवळते, जागची हलत नाही. मात्र ग्लोव्ह्ज घातल्यावर बांधायला दुसरा माणूस हवाच.

मला बनवायला सांगितलं तर माथ्यावर लेस ठेवीन, ती एकदाच बसवायची. मागे रुंद वेल्क्रो, रोजच्या घाईसाठी. बाकी, हेडगार्डनं जखम टळते म्हणून मेंदूला बसणारा हिसका टळतो असं नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवायच उतरले होते. आमच्या पोरांना मात्र ती सूट नाही.