वॉशिंग मशीनचा बोर्ड "दुकानात चेक करतो" म्हणून कोणी नेत असेल तर देऊ नका

आमचं फ्रंट लोड मशीन मधेच बंद पडलं, आत पाणी तसंच, कपडे तसेच आणि दार लॉक. बायकोने गूगलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर पुणे असं शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन लावला. तासाभरात माणूस हजर, टी-शर्टवर लोगो वगैरे. (खरे सर्व्हिस सेंटरवाले तासाभरात कधी येतात हो?)

घरी आई एकटीच होती. "मावशी बादली द्या, जुनं फडकं द्या" करत त्याने पाणी काढलं, आई चहा टाकायला आत गेली तेवढ्यात झाकण उघडून इलेक्ट्रॉनिक बोर्ड (पीसीबी) बाहेर. "पीसीबी उडालाय, लाइट कमीजास्त झाली की होतं, इथे नाही जमणार, दुकानात नेतो." व्हिजिटचे 450 घेऊन बोर्डासकट गेला पण.

संध्याकाळी फोन, 6,800 होतील. नको म्हटलं तर चेकिंगचे 1,500 भरा मग बोर्ड मिळेल. दुकान कुठाय विचारलं की "मीच आणून देतो ना साहेब". आता बोर्ड त्याच्याकडे म्हटल्यावर आपण काय बोलणार, घासाघीस करून 5,500 दिले, ते पण कुठल्यातरी बाईच्या नावाच्या यूपीआयवर, आणि बिल म्हणजे साधी चिठ्ठी.

थोडे दिवस चाललं, परत तेच. मग नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने समोर खाली कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडलं, बारीक नळीतून पाणी सोडलं, ड्रेन पंपाचा फिल्टर फिरवून काढला तर केसांचा गुंता, एक नाणं, आणि आत पंपाच्या पंख्यातच अडकलेली सेफ्टी पिन. पाणी बाहेर गेलं नाही तर मशीन स्पिन करत नाही आणि दारही सोडत नाही, बोर्डाचा काय संबंध म्हणे. पहिल्याने वरवरचा कचरा काढला असणार, म्हणून थोडे दिवस चाललं. बोर्डही दाखवला, त्यावर रबरासारखा पारदर्शक थर ओतलेला असतो, काही बदलायचं तर तो खरवडावाच लागतो, आमच्या बोर्डावर साधा ओरखडा नाही! याने घेतले 300.

तर पाणी जात नसेल तर आधी तो फिल्टर बघा, पाणी येतच नसेल तर नळाकडच्या पाइपच्या तोंडाची जाळी बघा, टँकरच्या पाण्याने ती भरतेच. मशीन धडधडत असेल तर खालचे पाय लेव्हलला आहेत का बघा. हे न बघताच कोणी पीसीबी म्हणाला तर त्याला चहा पाजून रवाना करा. नंबर मशीनवरच्या स्टिकरवरून नाहीतर वॉरंटी कार्डावरून घ्या, गूगलवरून नको. पार्ट बाहेर जाणारच असेल तर आधी त्याच्या सीरियल नंबरचा फोटो काढा आणि पक्कं बिल मागा. कोणी लिंक पाठवून "10 रुपये भरून कंप्लेंट रजिस्टर करा" म्हणाला तर अजिबात भरू नका, पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आमची तक्रार 1915 ला, ग्राहक हेल्पलाइनवर टाकलीये, बघू.

परवा गूगलवरच्या त्याच नंबरवर मुद्दाम दुसऱ्या कंपनीच्या फ्रिजचं नाव सांगून फोन केला, तर तोच आवाज, "हो सर, आम्ही त्यांचेच ऑथोराइज्ड, पत्ता पाठवा."