सिरफिड माशी ओळखायची तर: मोबाईलची क्लिप लेन्स की कॅमेऱ्याची मॅक्रो?

कोथिंबिरीला फुलं आली की सिरफिड माश्या (फुलांजवळ हवेत एका जागी तरंगणाऱ्या माश्या) येतातच. फोटोवरून जात ओळखायला कॅमेरा घ्यावा का, असं एका मैत्रिणीने विचारलं.

खर्चाचं सरळ आहे: मोबाईलला चिमट्याने लावायची क्लिप लेन्स काही शे रुपयांत येते, कॅमेरा आणि 100 मिमी मॅक्रो (बारीक गोष्टी जवळून मोठ्या दाखवणारी लेन्स) यांचा आकडा हजारांत, कधी लाखाच्या घरात.

खरा फरक अंतराचा. क्लिप लेन्स माशीपासून दोन-चार सेंटिमीटरवर न्यावी लागते, आणि तेवढ्यात ती भुर्रकन उडते. मॅक्रोला वीतभर अंतर चालतं. मोबाईलवाल्यांनी सकाळी गारव्यातच जावं, तेव्हा माश्या सुस्त असतात.

आता ओळख. एपिसिर्फस बाल्टिएटस या जातीच्या पोटावरचे जाड-बारीक काळे पट्टे मोबाईलवरही दिसतात. एरिस्टॅलिनस माश्यांचे ठिपकेदार डोळेही. पण पंखातल्या शिरा, पायांचे रंग, चेहऱ्यावरचा उंचवटा हे हवं असेल तर मॅक्रोच. फोटो मात्र वरून, बाजूने आणि समोरून, असे तिन्ही काढा. एकाच सुंदर फोटोवर जाणकारही अडतात. डोळे डोक्यावर एकमेकांना भिडले असतील तर बहुधा नर. पॅरागससारख्या चिमुकल्या माश्यांत जात ठरवायला नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. तिथे महागडी लेन्सही काही करू शकत नाही, प्रजातीपर्यंतच (जीनस, म्हणजे जातीच्या वरची पायरी) थांबा.

परसबागेत मावा कोण खातंय (या माश्यांपैकी अनेकींच्या अळ्या मावा खातात) एवढंच बघायचं असेल तर क्लिप लेन्स पुरे. नोंदी ठेवायच्या असतील, इतरांकडून ओळख पक्की करून घ्यायची असेल, तर मॅक्रो घ्या, जुनी चालेल.