व्हरमाँटमध्ये घर: बर्लिंग्टनचं भाडं, टेकडीवरचं स्वस्त घर की गावातलं जुनं?

चिप फॅक्टरी, विद्यापीठ नाहीतर हॉस्पिटल. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात नोकरी मिळालेल्या मराठी माणसाची ऑफर बहुधा यांपैकीच एखाद्या ठिकाणची असते. हे पत्र हातात आलं की आपण कर मोजतो, इन्शुरन्स मोजतो, शाळा बघतो. इथं मात्र पहिल्या दिवसापासून घर शोधायला लागा, बाकीचं मागाहून.

कारण सांगतो. 2020 च्या जनगणनेत या राज्याची लोकसंख्या होती 6 लाख 43 हजार, म्हणजे कोल्हापूर शहरापेक्षा जरा जास्त. त्यातले दर तिघांपैकी जवळपास दोघं ग्रामीण भागात राहतात. हे प्रमाण अमेरिकेत सर्वांत जास्त आहे. माणसं कमी म्हणून 2018 मध्ये सरकारनं कायदाच केला: घरून काम करणाऱ्यांनी इथं राहायला यावं, त्यांना 10 हजार डॉलरपर्यंत मदत मिळेल. लोक आले. घरं होती कुठं? राज्याच्याच गृहवित्त संस्थेच्या हिशोबानं 2025 ते 2029 या पाच वर्षांत 24 ते 36 हजार नवी घरं लागणार आहेत.

घरं का नाहीत, याची उत्तरं जुनी आहेत. 1970 चा जमीनवापराचा कायदा, 'अ‍ॅक्ट 250', यानं डोंगर आणि शेतं वाचवली, पण दहा किंवा जास्त घरांचा प्रकल्प म्हटला की वेगळी परवानगी, सुनावण्या, वर्षं. 2023 आणि 2024 मध्ये नियम बरेच सैल केले, पण कायदा बदलला म्हणून गवंडी-सुतार उगवत नाहीत. बऱ्याच खेड्यांत सांडपाण्याची लाइन नाही, त्यामुळे छोट्या प्लॉटवर जास्त घरं बसत नाहीत. आणि स्टो, किलिंग्टनसारख्या स्कीइंगच्या गावांत न्यूयॉर्क-बॉस्टनवाल्यांची सुट्टीची घरं. राज्यातलं दर सहा-सात घरांमागे एक घर असं हंगामी आहे.

बर्लिंग्टन आणि आसपास, भाड्यानं

राज्यातलं सर्वांत मोठं शहर बर्लिंग्टन, आणि त्याला लागून साउथ बर्लिंग्टन, विनूस्की, एसेक्स जंक्शन, विलिस्टन हा एक पट्टा आहे. दोन बेडरूमला महिना दोन हजार डॉलर धरून चाला, नवीन इमारतीत त्याहून बरंच जास्त. महाग आहे हा खरा त्रास नाही. खरा त्रास हा की मिळत नाही. विद्यापीठाजवळची बरीचशी लीज 1 जूनला सुरू होतात आणि मुलं ती आदल्या हिवाळ्याआधीच पकडून ठेवतात. तुम्ही ऑक्टोबरात उतरलात तर उरलंसुरलं बघावं लागेल.

कायदा भाडेकरूच्या बाजूनं बराच आहे. अर्जाची फी घरमालकाला घेता येत नाही, कुणी मागितली तर सरळ नाही म्हणा. बर्लिंग्टन शहरात डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि घर सोडल्यावर ते 14 दिवसांत परत द्यायचं असतं, हा नियम राज्यभर आहे. भाडं किती वाढवायचं याला मात्र मर्यादा नाही.

विनूस्कीत भाडं ठीक आणि माणसं छान, पण एअर नॅशनल गार्डची (राज्याच्या राखीव हवाई दलाची) एफ-35 लढाऊ विमानं 2019 पासून शेजारच्या विमानतळावरून मोठा आवाज करत उडतात. घर बघायला रविवारी गेलात तर शांत वाटेल, म्हणून कामाच्या दिवशी जा. दुसरीकडे, भूतानहून आलेली नेपाळी कुटुंबं या पट्ट्यात मोठ्या संख्येनं आहेत, त्यामुळे त्यांच्या दुकानांत डाळी, मसाले, हिरव्या मिरच्या मिळतात आणि चिउरा म्हणून पोहेही. घरची आठवण आली की ही छोटी गोष्ट मोठी वाटते. माँट्रियल दोन तासांवर आहे असं सगळे सांगतात. ग्रीन कार्ड नसेल तर भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो, हे कुणी सांगत नाही.

टेकडीवरचं स्वस्त घर

बर्लिंग्टनच्या पट्ट्यात साधं तीन बेडरूमचं घर चार-पाच लाख डॉलरला जातं. ईशान्येकडे, कॅलेडोनिया किंवा ऑर्लीन्स काउंटीत, तेवढंच घर दोन-अडीच लाखांत दिसतं, वर पाच एकर जागा, मेपलची झाडं आणि फोटोत धुकं. इथंच आपल्यासारखी माणसं हरखतात. दुरून डोंगर साजरे ही म्हण इथं शब्दशः लागू आहे.

जाहिरातीत रस्ता 'क्लास 4' आहे का ते बघा. तिसऱ्या वर्गापर्यंतचा रस्ता गाव वर्षभर गाडी जाण्याजोगा ठेवतं. चौथ्या वर्गाच्या रस्त्याचा बर्फ काढायला गाव बांधील नाही. तो तुम्ही काढायचा किंवा पैसे देऊन काढून घ्यायचा, आणि शाळेची बस तिथं वर येईल ही आशा सोडायची. राज्यातले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये वरचा बर्फ वितळतो, खालची जमीन गोठलेलीच असते, पाण्याला मुरायला जागा नाही. मग चाकं अर्धी रुततात. याला इथं 'मड सीझन' म्हणतात आणि तो वर्षाचा पाचवा ऋतू धरतात.

पाणी बोअरचं, म्हणजे आर्सेनिक, रेडॉनची तपासणी आपल्या खर्चानं. 2016 मध्ये नॉर्थ बेनिंग्टनच्या विहिरींत जुन्या कारखान्याचं रसायन सापडलं होतं, त्यामुळे पूर्वी आसपास काय होतं हेही विचारा. सांडपाणी सेप्टिकमध्ये. सेप्टिकचा परवाना बेडरूमच्या संख्येवर असतो. तीनचा परवाना असेल आणि आई-बाबांसाठी चौथी खोली काढायचं मनात असेल, तर आधी परवाना वाढवून घ्या. जमीन पाणी शोषत नसेल तर तो मिळणारही नाही. उष्णता तेलाची, प्रोपेनची किंवा लाकडाची. लाकूड 'कॉर्ड'नं विकतात (128 घनफूट), आणि यंदाच्या थंडीत जाळायचं ते वसंतातच विकत घेऊन वाळवावं लागतं. नोव्हेंबरात घेतलेलं ओलं लाकूड नुसता धूर करतं आणि चिमणीत काजळी धरतं.

आता अंतर. कॅलेडोनियातल्या सेंट जॉन्सबरीहून बर्लिंग्टन दीड तास, बर्फ नसताना. दोघं नोकरीला म्हणजे दोन गाड्या, दोन्हींना स्नो टायर. घराच्या किमतीत वाचलेले पैसे इथं जातात. दोघंही घरून काम करत असाल तर गणित बदलतं, पण इंटरनेट त्या पत्त्यावर येतं का ते कंपनीला फोन करून विचारा. कंपनीच्या नकाशावर गावभर रंग भरलेला असतो, त्यावर विसंबू नका.

गावातलं जुनं घर

मला विचाराल तर कुटुंबवाल्यानं बघावं ते हे. बॅरी, सेंट जॉन्सबरी, रटलंड अशा गावांत, नळाच्या पाण्याच्या आणि गटाराच्या लाइनीवर असलेलं घर. सेप्टिकची काळजी नाही, रस्ता गाव साफ करतं, चालत लायब्ररी. बॅरीहून एसेक्स जंक्शनची चिप फॅक्टरी हायवेनं तासाभरात. सेंट जॉन्सबरीच्या मुलांचं हायस्कूल म्हणजे 1842 ची सेंट जॉन्सबरी अकॅडमी, खासगी असूनही फी गाव भरतं. अशा फीचे नियम 2025 च्या कायद्यानं बदलताहेत, त्यामुळे घर घेताना ताजी स्थिती विचारा.

पण गाव म्हटलं की नदी आली. जुलै 2023 मध्ये बॅरी आणि राजधानी माँटपीलियर पाण्याखाली गेली, बरोबर वर्षानं पुन्हा पूर आला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सेंट जॉन्सबरीच्या भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला. म्हणून या घरात शिरल्यावर स्वयंपाकघराआधी तळघरात जा. बॉयलर, विजेचा पॅनेल, तेलाची टाकी खाली जमिनीवर आहेत की उचलून वर बसवल्यात? भिंतीवर पाण्याची रेघ आहे का? नवा रंग फक्त खालच्या चार फुटांतच का? साध्या घरविम्यात पूर धरत नाहीत. सरकारी पूरविमा वेगळा घ्यायचा, आणि तो कर्जाच्या कागदांबरोबर घेतला नाही तर लागू व्हायला 30 दिवस जातात. मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या वर, पण गटाराची लाइन जिथं संपते त्याच्या अलीकडे, ही जागा शोधायची. अशी घरं थोडी आहेत आणि पटकन जातात.

घर 1978 च्या आधीचं असेल, आणि असेलच, तर शिशाचा रंग तपासून घ्या, विशेषतः लहान मूल असेल तर.

कर्ज आणि व्हिसा

एच-वन-बीवाल्यांना 25 मे 2025 पासून एफएचए कर्ज (सरकारी हमीचं, कमी डाउनपेमेंटचं) मिळत नाही. ग्रामीण भागासाठीचं बिनडाउनपेमेंटचं यूएसडीए (केंद्रीय कृषी खात्याचं) कर्जही ग्रीन कार्डाशिवाय नाही. उरतं साधं बँकेचं कर्ज, त्यात व्हिसाची मुदत बारकाईनं बघतात. मुदत वर्षभराची उरली असेल तर भाड्यानंच राहा.

ग्रीन कार्ड आहे, पगार एकाचाच आणि बेताचा आहे, तर बर्लिंग्टनच्या शँप्लेन हाउसिंग ट्रस्टकडे चौकशी करा. 1984 पासूनची ही संस्था. घर बाजारभावाहून स्वस्त मिळतं, विकताना वाढलेल्या किमतीतला 25 टक्के वाटा तुमचा, बाकीचा पुढच्या खरेदीदाराला स्वस्त देण्यासाठी तिथंच राहतो. गुंतवणूक म्हणून बघणाऱ्याला हे पटणार नाही. दोन इंजिनिअरांचा पगार उत्पन्नाच्या मर्यादेत बहुधा बसणारही नाही.

कुठलंही घर घेतलंत तरी प्रॉपर्टी टॅक्स मोजून घ्या, कारण शाळांचा बराचसा खर्च त्यातून निघतो. 2024 मध्ये शिक्षणाचा वाटा सरासरी 13.8 टक्क्यांनी वाढला. स्वतः राहत असाल तर दरवर्षी 15 एप्रिलपर्यंत 'होमस्टेड'चा फॉर्म भरायचा. तो राहिला तर घर सुट्टीच्या घरांच्या रांगेत धरलं जातं आणि उत्पन्नानुसार मिळणारी सूट अडकते.