मार्टीचं घड्याळ आणि माझे साडेपाच हजार

आमचा मामा कुवेतला होता. मी चौथीत असताना तो सुटीवर आला तो मनगटावर कॅल्क्युलेटरचं घड्याळ घालून. आम्ही पोरं त्याचा हात धरून टोकदार पेन्सिलीने गुणाकार करायचो आणि तो बिचारा हात न हलवता जेवायचा. १९८५ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’ या इंग्रजी सिनेमात नायक मार्टी मॅकफ्लायच्या हातातही कॅसिओचं तसलंच घड्याळ होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

तर गेल्या महिन्यात मोबाईलवर जाहिरात आली. मार्टीचं घड्याळ, कॅसिओ सीए-५३डब्ल्यू, फक्त ६९९ रुपये. रत्नागिरीत रामआळीत मी तेच विचारलं होतं, तेव्हा दोन हजारांच्या पुढे सांगितलं होतं. तिथेच शंका यायला हवी होती. मामा आठवला आणि ऑर्डर दिली.

कुरिअरचा पोरगा म्हणाला, “काका, आधी पैसे, मग पाकीट.” दिले. वजनावरून काही कळत नाही, कारण खरंही हलकंच असतं. बारा गुणिले बारा करायला गेलो तर १ दाबल्यावर शेजारचा २ पण आत जायचा. सगळी बटणं म्हणजे एकच रबरी पट्टी, वर आकडे छापलेले! गुणाकार काही उमटला नाही, पण निळा दिवा मात्र लागला. खऱ्या सीए-५३डब्ल्यूला दिवाच नसतो. त्याच्या पाठीवर ३२०८ हा मोड्यूल नंबरही (आतल्या यंत्राचा क्रमांक) असतो. याची पाठ कोरी.

इथे थांबलो असतो तर ६९९ वरच भागलं असतं. मी मोबाईलवर त्या विक्रेत्याचा ‘कस्टमर केअर’ नंबर शोधला आणि पहिला दिसला त्यालाच फोन लावला. माणूस फार गोड बोलणारा. म्हणाला, रिफंडसाठी कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका. टाकला. खात्यातून ४,८०० गेले.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मीच आमच्या आईला दहा वेळा बजावलेलं.

लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदवली, बँकेत अर्ज दिला. उशीर करू नका, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच काही आशा. माझे अजून आलेले नाहीत.

परवा त्याच माणसाचा परत फोन. “सर, तुमचे ४,८०० परत करायचेत, नवीन कोड पाठवतो.” स्पीकर चालू होता. आई पडवीत रातांबे फोडत बसली होती. लाल झालेल्या हातांनीच तिने फोन ओढून घेतला.

“मेल्या, पैसे घ्यायला पिन कशाला रे लागतो?”