टेपर रोलर कोनसेट: खाऱ्या हवेतल्या जुन्या बाइकसाठी

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या पावसात कोनसेटचं, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचं, ग्रीस आधी धुपतं, मग आतल्या गोळ्या गंजतात. डबल स्टँडवर पुढचं चाक अधांतरी करा, हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकलं, तर गोळ्या ज्यात फिरतात त्या वाट्यांना खड्डे पडलेत. मग नुसतं ग्रीसिंग म्हणजे पैसे पाण्यात. खड्डे नसतील तर साफसफाई आणि नवं ग्रीस पुरे.

कोनसेट बदलायचाच, तर गोळ्यांपेक्षा टेपर रोलरचा, म्हणजे निमुळत्या रोलरांचा, उजवा. भार बिंदूवर नाही, रेषेवर पेलतो, त्यामुळे खड्डे उशिरा पडतात. पाण्याला दाद न देणारं ग्रीस रोलरांमध्ये दाबून भरा. वाटी तिरकी ठोकली की नवा सेटही गेलाच! नट इतपतच आवळा, की फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) मागेपुढे हलू नये, पण हँडल आपल्याच वजनाने दोन्हीकडे पडावं. सुमारे 500 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.